पसरणी घाट आणि खाणीतला उकाडा

महाबळेश्वरला पाण्याची बाटली रिकामी करून झाकण घट्ट लावा आणि पसरणी घाट उतरून वाईला या. पिशवीतून काढाल तेव्हा ती चेपलेली असेल. घाटात कानाला दडे बसतात तेही याच कारणानं: खाली हवेचा दाब जास्त. आणि दाबली गेलेली हवा तापते. कोरडी हवा 1 किलोमीटर खाली आली की सुमारे 10 अंशांनी.

आता हाच घाट वाईच्याही खाली सरळ जमिनीत उतरला तर? कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या, तोवर त्या 3 किलोमीटरपलीकडे गेल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग 4 च्या आसपास. तिथला कातळ 60 अंशांच्या वर. उकाड्याचा सगळा दोष आपण या कातळाला देतो. पण पंख्यानं ओढलेली ताजी हवा नुसत्या उतरण्यानंच तापत जाते, हे मला या विषयातलं सगळ्यात विलक्षण वाटतं.

खोदण्याआधीच किती उकडेल हे सांगायचं, तर उष्णतेचा जमाखर्च मांडावा लागतो. वाटेचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकात दाबाची, कातळाची, यंत्रांची उष्णता मिळवायची आणि निघालेली हवा पुढच्या तुकड्यात सोडायची. कातळाचा आकडा मात्र बदलता. कालच्या सुरुंगानं उघडी पडलेली भिंत चुलीवरच्या तव्यासारखी; महिनोन्महिने वारा लागलेली भिंत वरून निवते, आतली धग सावकाश येते. म्हणून हिशेबात भिंतीचं वयही धरतात.

मूळ कातळाचं तापमान बोअरमध्ये मोजतात. पाटण तालुक्यात गोठण्याला कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल बोअर घेतली आहे: आधी सुमारे सव्वा किलोमीटर काळा बेसॉल्ट, मग ग्रॅनाइट. ग्रॅनाइटमधून उष्णता सहज वाहते, त्यामुळे त्यात खाली जाताना तापमान हळू चढतं.

सगळ्यात अवघड हिशेब पाण्याचा. ओल्या भिंतीवरचं पाणी वाफ होऊन हवेत मिसळलं की साधा तापमापक कमी दाखवतो, पण हवा दमटते, अंगावरचा घाम वाळत नाही. म्हणून खाणीत ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक बघतात. त्याचा आकडा 35 वर गेला, तर धडधाकट माणूसही काही तासांत कोसळू शकतो. तो खाली ठेवण्यासाठी आफ्रिकेतल्या काही खोल खाणींत जमिनीवर बर्फ बनवून नळांतून आत सोडतात. 1 किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्यात 1 किलो पाणी 80 अंशांनी तापलं असतं.