चार बाइटांची चिठ्ठी

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचे मालक मला म्हणाले, "सर, अकाउंट्स, पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे वेगळे ठेवायचेत. म्हंजे गेटापास्नं ऑफिसापर्यंत तीन केबली ओढायला लागणार की ओ!" हा गैरसमज मला जागोजागी भेटतो. एक केबल पुरते. एकाच केबलीवरून अशी वेगवेगळी नेटवर्कं चालवता येतात, त्यातल्या प्रत्येकाला व्हीलॅन म्हणतात.

इथरनेटवरून माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते. त्या तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेमवर आधी घेणाऱ्याचा पत्ता, मग पाठवणाऱ्याचा. त्याच्या लगेच मागे स्विच, म्हणजे सगळ्या केबली जोडणारा डबा, एक चिठ्ठी घुसवतो, अवघ्या ४ बाइटांची. फ्रेम कुठल्या व्हीलॅनची, ते त्या चिठ्ठीवर असतं. तिचा नमुना १९९८ साली ८०२.१क्यू या मानकाने ठरवला. ४ बाइट म्हणजे ३२ बिट. पहिले १६ नुसती आरोळी ठोकतात, की पुढे चिठ्ठी आहे. मग ३ बिट तातडीचे. एक बिट आता गर्दीत आधी कोणाला टाकून द्यायचं ते सांगतो. उरलेल्या १२ बिटांत व्हीलॅनचा नंबर! दोनाचा बारावा घात ४०९६. त्यातले ० आणि ४०९५ राखीव, म्हणून वापरायला ४०९४. खरी गंमत पुढे आहे. मधेच काही घुसडलं की फ्रेमच्या शेपटीतला तपासणीचा आकडा जुळेनासा होतो, म्हणून स्विच तो नव्याने काढतो. फ्रेमची कमाल लांबीही १५१८ वरून १५२२ बाइट होते. पलीकडचा स्विच चिठ्ठी वाचून काढून टाकतो. अकाउंट्सच्या कॉम्प्युटरला याची गंधवार्ताही नसते.

स्विचच्या ज्या सॉकेटातून चिठ्ठीवाल्या फ्रेमा जातात तो ट्रंक पोर्ट, कॉम्प्युटर लागतो तो ॲक्सेस पोर्ट. (काही कंपन्या अनेक केबली जोडून केलेल्या एका लिंकलाही ट्रंक म्हणतात. वैताग आहे.) ट्रंकवरचा एक ठरवलेला व्हीलॅन, त्याला नेटिव्ह म्हणतात, मात्र सहसा बिनचिठ्ठीचा जातो. दोन टोकांना तो वेगळा ठेवलात, तर फ्रेम भलत्याच घरात शिरते. आणि चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे. विक्रेते काहीही सांगोत, आतला मजकूर उघडाच असतो.

माझी फजिती झाली ती यादीत, म्हणजे ट्रंकवरून कुठले व्हीलॅन जाऊ द्यायचे त्या यादीत. ट्रंकवर व्हीलॅन १० आणि २० आधीच चालू होते. कॅमेऱ्यांचा ३० घालताना कमांडमधला 'ॲड' राहिला. स्विचने जुनी यादी पुसून एकटा ३० ठेवला आणि अकाउंट्स ठप्प. मालकांनी रॅकला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे बघितलं. "सुकलंय बघा, शनिवारी बदलायचं राहिलं." मी 'ॲड' लिहून १० आणि २० परत घातले. लिंबू तेवढं पंख्याच्या जाळीसमोरून बाजूला घ्यायला लावलं, हवा अडत होती.