वसंतात फुलणारे कंद : सातारा–सांगली परिसर

फाल्गुनापासून वळवाच्या पावसापर्यंत फुलणारी कंदवर्गीय फुलझाडे व त्यांची बागेतील लागवड. युरोपात या हंगामाचे कंद म्हणजे ट्यूलिप, क्रोकस, डॅफोडिल. ते थंडी खाऊन फुलतात. ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे ४ ते ९ अंश सेल्सिअस तापमान लागते. सुमारे १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरातही इतकी थंडी सलग टिकत नाही, मग कृष्णाकाठची गोष्टच नको. हौशी लोक ऑक्टोबरात कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात आणि जानेवारीत लावतात. शेजारी सफरचंद किंवा केळी असल्यास त्यांच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. सगळे जमले तरी फूल एकदाच. तो कंद इथे दुसऱ्या वर्षी सहसा फुलत नाही.

या दोन जिल्ह्यांत भरवशाचे कंद तीन : अ‍ॅमरिलिस लिली (हिपिअ‍ॅस्ट्रम), फुटबॉल लिली ऊर्फ मे फ्लॉवर आणि भुईचाफा. यांना थंडीऐवजी कोरडी विश्रांती मानवते.

अ‍ॅमरिलिसला विश्रांती सक्तीची नाही, पण दिली तर फुले एकदम व भरपूर येतात. दिवाळीनंतर पाणी तोडावे आणि कुंडी सुमारे आठ आठवडे कोरडी ठेवावी. जानेवारीच्या उत्तरार्धात कुंडी बदलावी. कंद आणि कुंडीची कड यांत दोन बोटांचे अंतर पुरे. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि कंद सडतो. दोन भाग तांबडी माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण चांगले. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग उघडा ठेवावा. एकदा पाणी देऊन कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा. चपटे टोक आले तर पान. बोथट, किंचित लालसर आणि कंदाच्या कडेने वर आले तर फुलाचा दांडा.

‘नुसती पानेच येतात’ ही नेहमीची तक्रार. साधारण चार पानांमागे कंदात एक कळी धरते, आणि ती महिनोन्‌महिने आतच वाढत असते. म्हणजे पावसाळ्यात पाने कापली किंवा कुंडी सावलीत ठेवली, तर पुढच्या वसंताचे फूल तेव्हाच गेले. फूल सुकल्यावर दांडा तेवढा काढावा, पाने ठेवावीत. पावसाळ्याच्या दिवसांत लिलीवरच्या काळ्या ठिपकेदार अळ्या पाने खाऊन कंदाच्या मानेत शिरतात. संध्याकाळी हाताने वेचणे हा सर्वांत खात्रीचा उपाय.

फुटबॉल लिलीचा लाल गोळा एप्रिल-मेमध्ये, बहुधा पहिल्या वळवानंतर येतो व आठवडाभर टिकतो. कंद मातीखाली, मान जमिनीलगत ठेवावी. वरचेवर उपटल्यास एखादे वर्ष फुकट जाते. भुईचाफ्याची पांढरी-जांभळी सुगंधी फुले पाने येण्याआधीच थेट मातीतून उगवतात. त्यामुळे कंद कुठे आहे हे विसरून तिथेच कुदळ चालवली जाते. काठी रोवून ठेवावी.

सांगलीकडच्या काळ्या मातीत पाणी साचते. तिथे वीतभर उंच गादीवाफा करून तळाला मुरूम घालावा. कच्चे शेणखत मात्र नको. त्यातून कंदकूज आणि हुमणी (मुळे खाणारी अळी) दोन्ही येतात.

अ‍ॅमरिलिस व फुटबॉल लिलीचे कंद विषारी असून कांद्यासारखे दिसतात. ते स्वयंपाकघरात ठेवू नयेत.