परिचारिका-गृहभेट कार्यक्रम

पहिलटकरणीच्या घरी प्रशिक्षित परिचारिकेने गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत नियमित जाऊन तिला बाळाच्या संगोपनात साथ देण्याची पद्धत. लहान मुलांची मारहाण आणि हेळसांड मुळातच होऊ नये, यासाठी ही पद्धत कितपत उपयोगी पडते, याचा सर्वांत दीर्घ अभ्यास अमेरिकेत झाला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ओल्ड्स हे या पद्धतीचे प्रवर्तक.

बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये घरात मारहाण झालेल्या मुलांच्या जखमांची लक्षणे वैद्यकीय नियतकालिकात मांडली. त्यानंतर पाच-सहा वर्षांतच अमेरिकेच्या सर्व राज्यांनी अशा घटना कळवणे बंधनकारक केले. कायद्याची गरज होतीच. पण तो कामाला लागतो तो मुलाला इजा झाल्यावर. ओल्ड्स तरुणपणी बॉल्टिमोरमधील एका पाळणाघरात काम करत होते. तिथे येणाऱ्या काही मुलांच्या बाबतीत आधीच फार उशीर झालेला आहे, हे त्यांच्या लक्षात आले आणि मदतीची सुरुवात जन्माआधीच व्हायला हवी, असे त्यांचे मत बनले.

न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या आर्थिकदृष्ट्या खचलेल्या गावी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ४०० गरोदर स्त्रियांवर पहिला प्रयोग झाला. बहुतेक जणी किशोरवयीन, अविवाहित किंवा गरीब होत्या. कोणाला गृहभेटी मिळणार, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरवले गेले. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत ज्या घरांत परिचारिका गेल्या, तिथे गरोदरपणात सरासरी ९ आणि प्रसूतीनंतर २३ भेटी झाल्या. पंधरा वर्षांनी सरकारी दप्तर तपासले, तेव्हा भेटी न मिळालेल्या दर १०० मातांमागे बालछळ किंवा हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या ५४ नोंदी आढळल्या. दीर्घकाळ भेटी मिळालेल्यांत २९. मधल्या काळात मात्र, मुले दोन ते चार वर्षांची असताना, नोंदींत फारसा फरक दिसत नव्हता. ज्या घरात बाहेरच्या माणसांचे येणे-जाणे असते, तिथले प्रकार उघडकीलाही लवकर येतात, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून या क्षेत्रात नुसत्या तक्रारींच्या आकड्यांवर भिस्त ठेवून चालत नाही. दवाखान्यात आलेल्या दुखापतीही पाहाव्या लागतात.

भेटीत होते काय? परिचारिका आईची तब्येत, झोप, जेवण विचारते. बाळाला पाजताना ती शेजारी बसते आणि भूक, झोप, कंटाळा बाळ कसे दाखवते, ते आईला बघायला लावते. तान्ह्या बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाऊन साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळस गाठते. दूध पाजले, दुपटे बदलले, खांद्यावर घेतले, तरी ते थांबत नाही आणि नेमक्या याच काळात वैतागलेल्या मोठ्या माणसाच्या हातून बाळ जोरात गदागदा हलवले जाण्याचा धोका असतो. अशा हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होऊन बाळ दगावू शकते. सहन होईनासे झाले, तर बाळाला सुरक्षित जागी उताणे निजवायचे, खोलीबाहेर जाऊन श्वास घ्यायचा, कोणाला तरी हाक मारायची, एवढी साधी गोष्ट आधी कोणीतरी आपुलकीने सांगितलेली असावी लागते. अपराधी ठरवायला आलेल्या माणसाला कोणतीही आई आपला संताप बोलून दाखवणार नाही. ओळख गरोदरपणातच होते, याचे महत्त्व इथे आहे.

या पद्धतीची मर्यादाही एल्मायराच्याच माहितीतून पुढे आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, ज्या घरांत स्त्रीवर वारंवार हिंसाचार होत होता, तिथे भेटींचा बालछळावरील परिणाम ओसरत गेला आणि हिंसा फार असेल तिथे उरलाच नाही. आईला मार बसत असताना तिला संगोपनाचे धडे देणे अपुरे आहे, हा या अभ्यासाचा सर्वांत गंभीर निष्कर्ष मानायला हवा.

पुढे अमेरिकेतील मेम्फिस आणि डेन्व्हर या शहरांत प्रयोग झाले. डेन्व्हरमध्ये परिचारिकांबरोबरच वैद्यकीय शिक्षण नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनाही पाठवून पाहिले. परिचारिकांचा प्रभाव अधिक दिसला. सगळ्याच गृहभेटी सारख्या ठरलेल्या नाहीत. हवाई बेटांवरील अशाच एका कार्यक्रमाच्या चाचणीत बालछळात ठळक घट आढळली नाही. इंग्लंडमधील मोठ्या चाचणीतही २०१६ मध्ये मुख्य अल्पकालीन फायदे दिसले नाहीत. तिथे सर्वच मातांना मिळणारी सरकारी आरोग्यसेवा मुळातच बरी होती. नेदरलँड्समध्ये मात्र बालसंरक्षण यंत्रणेकडील नोंदी घटल्या. अमेरिकेत २०१० पासून गृहभेटींसाठी केंद्रीय निधी मिळतो.

महाराष्ट्रात गृहभेटींची परंपरा वेगळ्या कारणासाठी रुजली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी जातात. २०१८ पासून या भेटी बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत वाढवल्या गेल्या. बाळाचे वजन, ताप, स्तनपान, लसीकरण यांवर त्यांचा भर असतो. बालछळ रोखणे हा त्यांचा घोषित हेतू नाही. पण आशाताई गावातलीच असते आणि तिला घरात सहज प्रवेश असतो. दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीकडे पहिल्या सहा आठवड्यांत तिच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. शेवटची ४२ व्या दिवशी, म्हणजे बाळाचे रडणे सर्वाधिक असण्याच्या सुमारास.