प्राचीन इजिप्तमधील लग्न, शरीरसंबंध आणि ‘बहीण’ या शब्दाचा गुंता

मराठीत ‘लग्न’ म्हणजे मुळात ज्योतिषातली घटका. प्राचीन इजिप्तमध्ये अशी घटकाच नव्हती. तिथल्या कागदपत्रांत ‘घर मांडणे’, ‘घरात शिरणे’, ‘सोबत राहणे’ असे शब्दप्रयोग येतात; पुरोहित, विधी किंवा दप्तरी नोंद यांचा पुरावा मिळत नाही. दोघांनी संसार थाटला की ती त्याची ‘हेमेत’, म्हणजे बायको. तिच्या नावाआधी ‘नेबेत पेर’ अशी पदवीही लागे. या पदवीला ‘घरधनीण’ हा आपला शब्द अगदी चपखल बसतो. पिरॅमिडांच्या काळातल्या शिल्पांत नवऱ्याच्या पाठीमागून हात टाकून बसलेल्या बायका दिसतात, पण त्या दगडी जोडप्यांच्या घरात काय चालत असे ते कळत नाही. ते कळते हजार-बाराशे वर्षांनंतरच्या एका वस्तीमुळे.

ही वस्ती म्हणजे आजच्या लक्सर शहरासमोर, नाईलच्या पश्चिमेला असलेले डेर अल-मदिना. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे राहत. कोटाच्या आत साधारण ६८ घरे, भिंतीला भिंत लागून. आठवडा दहा दिवसांचा. त्यातले बहुतेक दिवस पुरुष डोंगरावरच्या झोपड्यांत काढत आणि घर बायकांच्या हाती असे. या लोकांनी मडक्यांच्या खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर हिशेब, तक्रारी, शपथा, उसनवारी असे सगळे लिहून ठेवले. असे हजारो तुकडे मिळाले आहेत, मुख्यतः इ.स.पू. १३०० ते ११०० या काळातले. लग्नाबद्दल आपण जे ठामपणे बोलतो, त्यातला मोठा भाग या एका गल्लीतून आला आहे.

एका खापरावर सासऱ्याने जावयाकडून घेतलेली शपथ आहे. जावई अमून देवाची आणि राजाची आण घेऊन म्हणतो, की पुढे कधी मी या मुलीला टाकले तर शंभर फटके खाईन आणि तिच्यासोबत मिळवलेल्या सगळ्यावर पाणी सोडेन. काडीमोड सहज होत असे, म्हणूनच लेकीच्या बापाला अशी तजवीज करावी लागली. नांदणे-सोडणे हा दोन घरांमधला व्यवहार होता, आणि त्यात बापाला आपल्या मुलीची काळजी होती.

दुसरा पुरावा एका पत्राचा, इ.स.पू. ११०० च्या आसपासचा. एक पुरुष, घरी बायको असताना, आठ महिने दुसऱ्या बाईकडे जात होता. एका संध्याकाळी लहानथोर बायका-पुरुषांचा जमाव त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना मारायला निघाला. एका कारभाऱ्याने त्यांना अडवले. त्यानंतर तिला निरोप गेला, की त्याचे मन तुझ्यावर असेल तर त्याने आपल्या बायकोसह न्यायसभेपुढे जाऊन शपथ घ्यावी आणि मग तुझ्या घरी यावे; या वेळी लोकांना आवरले, पुढच्या वेळी आवरणार नाही. लोकांना राग कशाचा होता, ते या निरोपातच आहे. नवा संबंध त्यांना चालला असता. पहिली बायको अधांतरी राहिलेली चालत नव्हती. कौमार्याची चौकशी या कागदांत दिसत नाही, परस्त्रीगमनाची दिसते. मृतांसाठीच्या ग्रंथात देवांपुढे द्यायच्या कबुलीतही, ‘मी परक्याच्या बायकोशी संग केला नाही’ अशा अर्थाचे वाक्य आहे. मात्र जमाव चालून आला तो त्या बाईच्या दारावर, त्या पुरुषाच्या नव्हे. ही विषमता झाकण्यात अर्थ नाही.

मालमत्तेत चित्र वेगळे होते. याच वस्तीतल्या एका वृद्ध बाईने इ.स.पू. ११४५ च्या सुमारास न्यायसभेपुढे सांगितले, की मी स्वतंत्र बाई आहे, आठ मुले वाढवली, त्यांना संसाराला लागेल ते दिले. आता ज्यांनी मला सांभाळले त्यांनाच माझे मिळेल, बाकीच्यांना नाही. थोड्या नंतरच्या काळातल्या आणखी एका पापिरसात (पापिरस म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला कागद) मूलबाळ नसलेला नवरा आपल्या बायकोलाच मुलगी म्हणून दत्तक घेतो, तेही आपले सगळे तिलाच मिळावे एवढ्यासाठी. पुढे लेखी करार येऊ लागले, पण तेही पैशाअडक्याचे. बाईने आणलेले कपडे, आरसा, भांडी यांची किमतीसह यादी, आणि सोडचिठ्ठी झाली तर ते तिला परत. स्त्रीधनाची यादीच म्हणा. काही करार झाले तेव्हा त्या जोडप्याला मुलेही झालेली होती.

शरीरसुखाबद्दलचे बोलणे मोकळे होते. त्याच वस्तीतल्या एका पापिरसाच्या गुंडाळीत प्रेमगीते आहेत आणि त्याच गुंडाळीत हॉरस व सेथ या देवांच्या भांडणाची कथाही आहे. त्या कथेत एका पुरुषाने दुसऱ्यावर संभोगातून वरचढ होणे हा अपमानाचा विषय ठरतो. इटलीतल्या तोरिनो शहरात ठेवलेल्या दुसऱ्या एका चित्रांच्या पटावर, म्हणजे अडीच मीटरहून लांब पापिरसावर, संभोगाची बारा दृश्ये रंगवली आहेत. चित्रलिपीचे कोडे सोडवणाऱ्या फ्रेंच विद्वानाने १८२४ मध्ये ते तुकडे पाहिले आणि तो हादरला. संपूर्ण पट छापून लोकांसमोर यायला १९७३ उजाडले. इतकी वर्षे त्यावर पडदा राहिला, यातून कारागिरांपेक्षा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची मनोवृत्ती जास्त कळते.

याच प्रेमगीतांतून सगळ्यांत मोठा घोळ निर्माण झाला. त्यांत प्रियकर प्रेयसीला ‘सेनेत’ म्हणतो आणि ती त्याला ‘सेन’. या शब्दांचा अर्थ बहीण आणि भाऊ. इ.स.पू. पंधराव्या शतकापासून थडग्यांवर बायकोचा उल्लेखही ‘सेनेत’ असा होऊ लागतो. राजघराण्यात सख्ख्या-सावत्र बहिणींशी लग्ने होत, ओसायरिस आणि इसिस ही देवांची जोडीही भावाबहिणीचीच. सगळे जुळले, आणि इजिप्तमध्ये सरसकट भावाबहिणीची लग्ने होत असत, हे पुस्तकांत पक्के होऊन बसले.

पण ‘सेनेत’ हा शब्द फार ऐसपैस आहे. बहीण, चुलत-मावस बहीण, भाची, मेहुणी, अशी आपल्या पिढीतली किंवा नात्यातली कुणीही त्यात बसते. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. मामाची मुलगी आपण ‘मामेबहीण’ म्हणतो, तिच्या नावातच बहीण आहे, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तीच पहिली ठरलेली नवरी असते. तीन हजार वर्षांनी कुणी फक्त ‘बहीण’ एवढाच शब्द वाचला, तर आपल्याबद्दलही हाच निष्कर्ष काढेल. १९५४ मध्ये एका अभ्यासकाने फारोंच्या, म्हणजे इजिप्तच्या प्राचीन राजांच्या, काळातली शेकडो सामान्य जोडपी, आईबापांची नावे लावून, तपासली. सख्ख्या भावंडांची म्हणता येतील अशी उदाहरणे एका हाताच्या बोटांवर राहिली. माझ्या मते इथे वाद संपायला हवा होता, तरी पर्यटकांच्या माहितीपत्रकांत आणि समाजमाध्यमांवर जुनेच वाक्य अजून फिरते.

गंमत अशी, की जे फारोंच्या काळात सामान्य लोकांत जवळजवळ नव्हते ते पुढे खरोखर आले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तच्या ग्रीक वंशाच्या राजाने सख्ख्या बहिणीशी लग्न केले आणि घराण्यात ती रीत पडली. रोमन अंमलात दर १४ वर्षांनी घरोघरची शिरगणती होई. तिचे सुमारे ३०० अर्ज उरले आहेत, बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातले. त्यांतली ढोबळमानाने सहातली एक लग्ने भावाबहिणींची आहेत. राजवाड्याशी संबंध नसलेली, शेतकरी-कारागिरांचीही.

या अर्जांवर २००७ मध्ये नवा वाद पेटला. ही खरी भावंडे नसून जावई घरात दत्तक घेतलेले असावेत, असे एका अभ्यासात मांडले गेले. मुलगा नसलेल्या घराने घरजावई करून घ्यावा, तसे. पुढच्या दोन वर्षांत उत्तरे आली: दत्तकाचे कागद इतके थोडे का, आणि ज्या घरांत आणखी मुलगे आहेत तिथे दत्तक घ्यायचा कशाला? मला ही उत्तरे जास्त पटतात.

त्याहून बोलका आहे अर्जाचा मजकूर. घरातली माणसे नोंदवताना कुटुंबप्रमुख नुसते ‘माझी बायको, माझी बहीण’ लिहून थांबत नाही. पुढे जोडतो, ‘एकाच बापाची आणि एकाच आईची’. इ.स. २१२ मध्ये इजिप्तच्या जवळजवळ सगळ्या रहिवाशांना रोमन नागरिकत्व मिळाले, आणि रोमन कायद्याला अशी लग्ने मान्य नव्हती. इ.स. २९५ मध्ये रोमन सम्राटाने जवळच्या नात्यातल्या लग्नांविरुद्ध स्वतंत्र आज्ञापत्रही काढले.