आखाजी ते मिरीग: खान्देशातल्या घराचं रिकामं पान

आमच्या आजीला इसवी सन कधी लागला नाही. धाकट्या आत्याचं लग्न कोणत्या साली झालं असं विचारलं की ती सांगायची, ‘विहिरीला पाणी लागलं ना, त्याच्या पुढच्या आखाजीले.’ पाडवा घरात होता, गुढीही उभी राहायची, पण हिशोबाला तो कामाचा नव्हता. वर्ष बदलायचं ते वैशाख शुद्ध तृतीयेला. इतरत्र अक्षय्य तृतीया म्हटलं की आमरस आणि सराफाच्या दुकानातली गर्दी आठवते. तापी, गिरणा, पांझरेच्या काठी तीच तिथी आखाजी होते, आणि लेक, सालदार, पितर, घराचं छप्पर असं सगळं तिच्याभोवती येऊन बसतं. हे सगळं एकाच जागी का आलं, याचं उत्तर पोथीत कमी आणि शेतात जास्त सापडतं.

खान्देश हा कापसाचा मुलूख. 1818 साली पेशवाई संपून तो इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वेही आली आणि कपाशीनं ज्वारी-बाजरीच्या शेजारी पक्कं ठाण मांडलं. पुढे 1906 साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, म्हणजे आजचे जळगाव आणि धुळे. धुळ्यातून 1998 साली नंदुरबार निघालं. नकाशा असा बदलत गेला, पण कपाशीचा क्रम तोच राहिला: मिरगाच्या, म्हणजे मृग नक्षत्राच्या, पावसावर लावायची, दसरा-दिवाळीपासून वेचायची.

आता गंमत बघा. दिवाळी हा लेकीनं माहेरी यायचा सण, असं सगळ्या महाराष्ट्रात मानतात. पण खान्देशात दिवाळीला शेत पांढरं झालेलं असतं, ज्वारी कापणीला आलेली असते, आणि कापूस वेचणं हे बायकांचंच काम. अशा वेळी सून माहेरी पाठवायला कुठली सासू तयार होईल? भाऊबीज उरकून ती चार दिवसांत परत. वैशाखात मात्र गहू-हरभरा घरात आलेला, शेत उघडं पडलेलं आणि ऊन असं की जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढे. बाईच्या हाताला शेतात काम नाही. म्हणून सासुरवाशिणीची खरी मोठी रजा आखाजीची. तिला घ्यायला भाऊ जायचा. त्याला मुराळी म्हणायचं. मुराळी दारात दिसला की सासूला नाही म्हणायची सोय नसे. माझ्या मते हा सण इथं एवढा मोठा झाला तो या रजेमुळेच. गौराईची गाणी ऐकली तर त्यात देवीपेक्षा सासर-माहेरच जास्त भेटतं.

गौराई म्हणजे पार्वती. आखाजीच्या आधी तिला घरात बसवतात, टोपलीत गहू पेरतात, पोरी रोज गाणी म्हणत तिच्यासाठी पाणी आणतात. तीही माहेरीच आलेली असते, आणि शेवटी शंकर तिला न्यायला येतो. म्हणजे देवीलाही रजा मोजूनच. तोवर निंबाच्या फांदीला झोके बांधलेले असतात आणि त्यावर पोरींपेक्षा त्यांच्या आया जास्त वेळ असतात. पुरुष मंडळी पारावर पत्ते कुटतात. एरवी पत्त्यांवरून घर डोक्यावर घेणारी माणसं त्या दोन दिवसांत काही बोलत नाहीत. हेही रिकाम्या दिवसांचंच लक्षण.

या सगळ्या गलबल्यात घरातलं सर्वांत शांत काम म्हणजे घागर भरणं. आखाजी हा पितरांचाही दिवस. नवी मातीची घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डेरगं म्हणजे छोटं मडकं, वर खरबूज, त्यावर सांजोऱ्या आणि दोन आंबे. हा उन्हाळ्याचा नैवेद्य आहे: पाणी, पाण्यानं भरलेलं फळ आणि पाणी गार ठेवणारी माती. मेलेल्या माणसालाही वैशाखात तहान लागणार, हे गृहीत धरलेलं. मग आई उंबऱ्यापाशी बसायची. कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एकेक बोट ओढायची आणि दर बोटाला एक नाव घ्यायची. आजोबा, पणजोबा, लहानपणी गेलेला एक काका. नावं संपली की क्षणभर थांबून एक बोट जास्तीचं ओढायची. ते कोणाचं, तर ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत त्यांचं. चुलीत आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, टाकून झाली की मगच बाकीच्यांची पानं. पानात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. ही पोळी लाटत नाहीत, हातावर झुलवत मोठी करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर टाकतात. दुमडून ठेवली तरी ताटाबाहेर जाते.

आखाजीची दुसरी बाजू इतकी गोड नाही. सालदाराचं सालही याच दिवशी संपायचं आणि लागायचं. शेतमालकाकडे वर्षभर राबणारा गडी तो सालदार. मोबदला ठरायचा रोख रक्कम, महिन्याची ज्वारी, कपडे, वहाणा, क्वचित घोंगडी असा. बोलणी ओट्यावर, तोंडीच. आखाजीच का, तर पिकाचा पैसा आणि दाणे तेव्हा मालकाच्या घरात आलेले असतात आणि पुढच्या हंगामाची नांगरट समोर उभी असते. पण सालाच्या सुरुवातीलाच गडी उचल घ्यायचा, लग्नकार्याला किंवा दुखण्याला, आणि वर्ष सरलं तरी ती फिटायची नाही. मग पुढचं सालही त्याच ओट्यावर. ज्या दिवशी मालकाची लेक झोक्यावर असायची, त्याच दिवशी सालदाराची बायको दाराआड उभी राहून कितीला ठरतंय ते ऐकत असायची. 1976 साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, 1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा आला, आणि त्याहून मोठा बदल म्हणजे सुरतेला जाणारी गाडी. उधना-लिंबायतच्या चाळींत खान्देशातली गावंच्या गावं जाऊन राहिली. आता सालदार मिळत नाही ही मालकाची तक्रार असते आणि बोलणी लाखाच्या भाषेत होतात. तक्रार करणाऱ्यांच्या आजोबांनी ठरवलेले आकडे कोणी लिहून ठेवले नाहीत, हे त्यांच्या सोयीचंच म्हणायचं.

सण संपला तरी लेकी लगेच जात नसत, कारण घरात कामाचा डोंगर असे. पावसाळ्याची सगळी बेगमी याच दिवसांत: कुरडया, शेवया, उडदाचे पापड आणि खास इथल्या बिबड्या. ज्वारी भिजवून, भरडून, रात्री मोठ्या पातेल्यात लसूण-मिरची घालून तिचा घाटा शिजवायचा. पहाटे तो धाब्यावर, म्हणजे छपरावर, न्यायचा, बाजेवर ओलं लुगडं पसरायचं आणि त्यावर हातानं थापत जायचं. ऊन वर यायच्या आत पातेलं रिकामं झालंच पाहिजे, नाहीतर घाटा थापला जात नाही. म्हणून चार जणी लागतात, आणि म्हणून लेकी, जावा, शेजारणी. पोरांच्या वाटीत गरम घाटा आणि वर शेंगदाण्याचं कच्चं तेल. बिबड्या वर्षभर टिकतात. घाटा त्या पहाटेपुरताच.

धाबं म्हणजे आमच्या मातीच्या घराचं सपाट छप्पर. लाकडी सऱ्यांवर आडव्या काटक्या, त्यावर पालापाचोळा, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात खालची खोली यानंच गार राहते, आणि रात्री घर सगळं वरच झोपतं. पण पाऊस आला की हेच छप्पर गळतं. त्यावर इलाज खाऱ्या मातीचा. रोहिणी लागली, म्हणजे 25 मेच्या सुमारास, की बैलगाडीनं ही माती आणायची, ढेकळं फोडायची आणि धाब्यावर पसरायची. पहिल्या सरीत खारी माती विरघळून बारीक भेगांत बसते आणि वरचा थर असा दडस होतो की पाणी खाली न झिरपता पन्हळीकडे धावतं. हे काम मिरगाच्या आत व्हायलाच हवं. आखाजी तिथीनं फिरते आणि मिरीग सूर्यानं, 7 जूनच्या आसपासच लागतो. त्यामुळे मधला काळ कधी तीन आठवडे तर कधी सात. लवकर आलेल्या आखाजीचं बायकांना कौतुक असायचं, ते यासाठी.

भक्तीनंही याच फटीत जागा धरली. अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा वैशाखातच. एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी. पात्र कोरडं असतं म्हणून तिथं दुकानं मांडता येतात, हा साधा हिशोब. पुढे ज्येष्ठात मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघते. विदर्भ-मराठवाडा ओलांडत महिन्याहून जास्त दिवस पायी जाणारी ही वाट आषाढीच्या पालख्यांतल्या सर्वांत लांब वाटांपैकी आहे. तिच्याबरोबर निघणाऱ्या शेतकऱ्याला पेरणी घरच्यांवर सोपवून जावं लागतं. म्हणून आमच्याकडे वारी बहुधा म्हाताऱ्यांची.

आता ठिबकवर कपाशी मे महिन्यातच लावतात. बोंडअळी वाढते म्हणून जूनच्या आधी लावू नका असं कृषी खातं सांगतं, पण विहिरीला पाणी असलेला माणूस थांबत नाही. रावेर-यावलच्या केळीला तर वैशाखातही उसंत नसते. पीककर्जाचं वर्ष 31 मार्चला संपतं, महसुलाचं 31 जुलैला, शाळेचं एप्रिलमध्ये. आखाजीला कुठलाच हिशोब संपत नाही. तरी सुरत-भुसावळ गाडीला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. माझा अंदाज असा, की हा सण टिकला तो शाळेच्या उन्हाळी सुट्टीत येतो म्हणून. श्रावणात आला असता तर लेकी फोनवरच भेटल्या असत्या.

आमचं धाबं गेलं, स्लॅब आला. उंबऱ्याला ग्रॅनाइट आहे, त्यावर कुंकवाचं बोट नीट उमटत नाही, म्हणून आई आधी ओल्या फडक्यानं पुसून घेते. बिबड्या स्लॅबवर चांगल्या वाळतात, पण थापायला माणसं नाहीत, म्हणून निम्म्या विकत येतात. आणि स्लॅबही गळतोच. वॉटरप्रूफिंगवाल्याला सगळं गाव मिरगाच्या आधीच बोलावतं. यंदाही त्यानं सांगितलंय, रोहिणीत बघू.