शिसं घट्ट बांधायचं की सैल?

गळाने रोहू, कटला, सायप्रिनस (कार्प जातीचा मासा) धरणाऱ्यांमध्ये फिरणारा समज असा: शिसं, म्हणजे दोरीवरचं वजन, दोरीला घट्ट बांधा, मासा आपोआप अडकतो; दोरी तुटलीच तर गळ दोन दिवसांत गंजून पडतो.

पहिला भाग पूर्ण चूक नाही. जड शिशाच्या झटक्याने गळ रुततो खरा. पण दोरी वरून तुटली की तेच शिसं मासा ओढत फिरतो, ते झुडपात किंवा दगडात अडकतं आणि मासा जागेवर बांधला जातो. गंजण्याचं म्हणाल, तर तळ्याच्या पाण्याच्या ग्लासात नवा गळ टाकून ठेवा. दोन दिवसांनी तो जवळपास तसाच दिसेल. मुलामा दिलेले आणि स्टेनलेस गळ तर फारच टिकतात.

सुरक्षित, म्हणजे सैल शिशाची, बांधणी सोपी आहे. मुख्य दोरी ०.३५ मिमीची. तीत आधी भोकाचं शिसं ओवा, मग रबरी मणी, शेवटी स्विव्हल (दोन्ही टोकांना कडी असलेला फिरता जोड) बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ०.२८ मिमीची १५ ते २० सेंमी दोरी आणि गळ. ही दोरी मुद्दाम कमजोर ठेवायची, म्हणजे ताण आला की आधी तीच तुटते. गाठीला पाच वेढे, थुंकीने ओलं करून हळू आवळा. कोरडी ओढली तर नायलॉन घर्षणाने तापून तिथेच कमजोर होतं.

आता तपासणी. दोरी शिशाच्या वर हातभर अंतरावर कापा आणि गळाकडून ओढा. शिसं कापलेल्या टोकातून सुटून पडलं पाहिजे. अडलं, तर बहुधा वर जोडगाठ असते. तुटलेली दोरी जोडून वापरणाऱ्यांनी हे जरूर पाहावं.