ठोकळ्यांची झाडं

ठोकळ्यांची झाडं : एकमेकांत दाबून बसवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे, बोलीत ब्लॉक्स किंवा सरसकट लेगो, ते लावून केलेली झाडांची छोटी रूपं. कोकणात हे घरातच चालतं, मे महिन्याच्या सुट्टीत नाहीतर गणपतीच्या देखाव्यासाठी. वेगळी नोंद करायचं कारण म्हणजे डब्यात येणारं तयार झाड बहुतेक वेळा सूचिपर्णी असतं किंवा गोल शेंड्याचं असतं, त्यात आपली पोफळ, आपला फणस कुठेच नाही, तो बुंध्यापासून आपणच उभा करायचा.

ठोकळ्याचं मूळ कोणाचं यावर बराच वाद आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्टियानसेन १९३२ पासून लाकडी खेळणी करायचे, लेगो हे नाव १९३४ च्या सुमाराचं आणि प्लॅस्टिकचा ठोकळा १९४९ चा, त्यामुळे शोध डेन्मार्कचाच असं सर्रास लिहिलं जातं. पण ब्रिटनमधल्या हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट या खेळण्यांच्या कंपनीचे तसेच ठोकळे त्याआधी, साधारण १९४७ पासून विक्रीला होते आणि त्यांचे नमुने बिलुंडला पोचले होते. पुढे १९८१ मध्ये लेगोने त्या ठोकळ्याचे हक्क विकतही घेतले. त्याच्याही मागे गेलं तर १९३५ च्या आसपास ब्रिटनमध्येच मिनिब्रिक्स नावाच्या रबरी विटा मिळत होत्या, त्यांनाही वर उंचवटे होतेच. म्हणजे वरचा उंचवटा, ज्याला हल्ली सगळे स्टडच म्हणतात, तो आधीचा आणि ठोकळ्याच्या पोटातली नळी तेवढी डेन्मार्कची, ही वाटणी जास्त पटते. नळीचं पेटंट २८ जानेवारी १९५८ चं. झाडं करणाऱ्याच्या दृष्टीने खरी तारीख हीच, कारण नळीमुळे पकड आली, नुसत्या पोकळ ठोकळ्यातून बाजूला काढलेली फांदी स्वतःच्या वजनाने सुटून पडली असती. आज वापरतात ते एबीएस नावाचं कडक प्लॅस्टिक १९६३ पासूनचं.

छोट्या झाडाची हौस अर्थात ठोकळ्यापेक्षा फार जुनी. बोन्साय भारतातूनच गेलं असं आपल्याकडे अधूनमधून ऐकू येतं, पण चीनमधल्या युवराज झांगहुआइच्या थडग्यातल्या, साधारण इ.स. ७०६ च्या भित्तिचित्रात तबकातलं छोटं झाड हातात घेतलेले सेवक दिसतात, तेव्हा तूर्तास चीनकडे कल ठेवलेला बरा. लेगोच्या डब्यात माड आला तो १९८९ च्या चाच्यांच्या मालिकेत, एकात एक अडकणारे खोडाचे तुकडे आणि वर चार झावळ्या. पानाफुलांचे मऊ तुकडे उसापासूनच्या पॉलिथिनचे करणार असं कंपनीने २०१८ मध्ये जाहीर केलं आणि २०२१ मध्ये ८७८ तुकड्यांचा बोन्साय आला, त्याच्या गुलाबी बहरात फुलांच्या जागी बारके बेडूक लावलेले आहेत.

माप नीट धरलं तर अर्धं झाड तिथेच झालं. ठोकळा ९.६ मिमी उंच, दोन स्टडमधलं अंतर ८ मिमी, पातळ प्लेट ३.२ मिमी. सोबतचा बाहुला साधारण ४ सेंमी, त्याला माणूस धरलं तर प्रमाण अंदाजे १:४५ पडतं. या हिशेबाने २० मीटरचा बाणवली, म्हणजे उंच जातीचा माड ४४ सेंमी, म्हणजे एकावर एक ४६ ठोकळे. जाडी बघा, माडाचा बुंधा ३०-३५ सेंमी, त्याला ८ मिमीचा एक स्टडचा गोल ठोकळा बरोबर बसतो, पण लोक हमखास दोन स्टडचा घेतात आणि माड वडासारखा जाड होतो. बारीक बुंधा डुलतो ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे वरून भोक असलेले गोल ठोकळे घ्यायचे आणि त्यांच्या आरपार ३.२ मिमीची लवचीक नळी ओवायची, मग ठोकळे पूर्ण न दाबता किंचित सैल ठेवले की बुंधा हळूच समुद्राकडे झुकतो, आणि सांध्यांच्या ज्या आडव्या रेघा दिसतात त्या गळलेल्या झावळ्यांच्या वणांसारख्याच वाटतात. मोठी तयार झावळी ८ सेंमीची, खरी पाचेक मीटरची, म्हणजे थोडी अपुरी, पण चालते.

पोफळीला ठोकळा लागतच नाही. तिचं खोड १२-१५ सेंमी जाड, म्हणजे आपल्या मापात नुसती ३.२ मिमीची दांडी पुरते. शेंड्याला एक हिरवा गोल ठोकळा मात्र लावायलाच हवा, ती विरी, म्हणजे झावळीचा खोडाला वेढणारा बुडखा. विरीशिवाय पोफळ ही पोफळ वाटत नाही, काठीला पानं लावल्यासारखं दिसतं.

फणस बुंध्यालाच लागतो, म्हणून खोडात मधेमधे बाजूला स्टड असलेले ठोकळे घालावे लागतात. इथे एक हिशेब उपयोगी पडतो, पाच प्लेटची उंची १६ मिमी आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिमी, त्यामुळे आडवं लावलेलं काम उभ्या कामात फट न राहता बसतं. आंब्याचा घेर पसरट, त्यासाठी ६ बाय ५ आणि ४ बाय ३ स्टडची पानं एकाआड एक फिरवून लावायची, मधे थोडी गडद लाल पानं घातली की नवी पालवी, बदामी टिकल्या घातल्या की मोहोर. सगळं एकाच हिरव्यात केलेला आंबा मला कधीच आंबा वाटला नाही.

खाडीकाठची झाडं कोणी फारशी करत नाही. तिवराची वर आलेली श्वसनमुळं तपकिरी दांड्यांच्या तुकड्यांनी सहज होतात, आणि पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे, तिलाही अशीच मुळं.

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांशी या कामाचं नातं जोडायचा मोह होतो. पण तिथल्या चितारआळीतलं खेळण्याचं फळ पांगाऱ्याच्या लाकडाचं, घडवून रंगवलेलं, त्यात सांधा दिसू द्यायचा नसतो, इथे सगळं काम सांध्यांवरच उभं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. ठोकळ्यांची वाडी मांडताना त्या भागातल्यांनी जुनी लागवड आठवून मांडावी असं मनापासून वाटतं, माडांच्या मधे पोफळी, पोफळींच्या सावलीत केळी आणि जायफळ, बुंध्यांवर मिरवेल, कारण कुठल्या झाडाशेजारी कुठलं झाड होतं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं.

जपणूक : खाऱ्या हवेने एबीएसला काही होत नाही, उन्हाने होतं, खिडकीतले पांढरे तुकडे पिवळे पडतात. धूळ आणि पावसाळ्यातला ओलावा मिळून पानांवर चिकट थर बसतो, तो ४० अंशांच्या आतल्या कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवावा आणि झाड सावलीत वाळवावं. नेलपॉलिश काढायच्या पाण्यात बऱ्याचदा ॲसिटोन असतं, त्याने ठोकळा विरघळतो. लवचीक नळी ओवलेला माड धुताना उभाच धरावा, आडवा केला की सैल ठेवलेले ठोकळे सरकतात आणि झुकाव पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.